कोरं इंजिन

ऋतुजा मंडलिकच्या गाडीचं इंजिन उघडायला मंगळवारची अख्खी सकाळ गेली. आतलं सगळं एकमेकांत रुतून बसलं होतं. शेवटी लोहारमामांनी बेअरिंगचा एक अर्धगोल चिमट्यानं उचलला, डॉ. मेधा चौगुले यांच्यापुढच्या पांढऱ्या कापडावर ठेवला आणि काही न बोलता हात पुसत बाजूला झाले. मामा इंजिनांच्या चाचणी-मंचावर तीस वर्षं काढलेले, आणि जिभेला विश्रांती देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते गप्प बसले की प्रयोगशाळेतली माणसं आपापल्या चुका आठवायला लागत.

रस्त्यावरच्या गाड्या विजेवर जाऊन त्या वेळी पंधरा-वीस वर्षं झाली होती. पेट्रोलचं इंजिन उरलं होतं ते फक्त हौसेपुरतं, वेगगाड्यांमध्ये. आणि हौसेचा विषय निघाल्यावर कोल्हापूर मागे राहणं शक्यच नव्हतं. शहराबाहेरच्या माळावर धावपट्टी होती, गल्लोगल्ली पुन्हा पुन्हा बांधलेल्या जुन्या गाड्या होत्या, आणि कुठलं तेल चांगलं यावर तालमीच्या कट्ट्यावर तासन् तास डोकी तापत. हा वाद मिटवायची एकच जागा होती, कागल रस्त्यावरची घर्षण प्रयोगशाळा. मेधाबाईंनी पहिला नंबर दिला की दुसऱ्या दिवशी दुकानात दुसरं तेल कुणी मागत नसे. मेधाला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो तिनं फारसा लपवलाही नव्हता.

ऋतुजा तेवीस वर्षांची. ताशी दोनशे तीसच्या वेगात तिचं इंजिन जाम झालं, चाकं धरली गेली आणि गाडी भिंतीवर गेली. पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीत चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत पहिलं आलेलं तेल होतं, सांकेतिक नाव 'क'. आता शर्यत मंडळाचं म्हणणं असं, की 'क' तेल असताना इंजिन जाम होऊच शकत नाही, प्रयोगशाळेचा तसा लेखी अहवाल आहे. अर्थात पोरीनंच इंजिन मर्यादेबाहेर पिळलं. शुक्रवारी सुनावणी होती. दोषी ठरली तर पाच वर्षं तिला धावपट्टीवर पाऊल ठेवता येणार नव्हतं.

सूक्ष्मदर्शकावर अय्याज नदाफ बसला होता. तो आणि मेधा एकाच वर्षी प्रयोगशाळेत लागलेले. चार वर्षांपूर्वीच्या त्याच तुलनेत दुसरं आलेलं 'ब' तेल त्याचं होतं. सहा वर्षं खपून त्यानं ते बनवलं होतं. निकालानंतर त्याचा विभाग बंद झाला, तो सूक्ष्मदर्शकाकडे आला आणि मेधाशी कामापुरतं बोलू लागला.

"लेप नाही," तो म्हणाला.

"झिजला असेल."

"झिजला असता तर कडांना राहिला असता. इथं तो कधी बसलाच नाही. कोरा धातू कोऱ्या धातूवर घासलाय." त्यानं डोळा वर केला. "मेधा, संस्कारी तेल म्हणजे काय ते सांग बघू. परीक्षेत विचारल्यासारखं."

'संस्कारी तेल' हे नाव त्यानंच पाडलेलं, थट्टेत. पुढे ते सगळीकडे रूढ झालं. मेधाला चिडायला हवं होतं, पण ती मुकाट्यानं सांगू लागली.

"साधं संश्लेषित तेल दोन धातूंच्या मध्ये राहतं. संस्कारी तेल धातूवर मुक्कामाला जातं. त्यात बोधरेणू असतात. जिथं दाब आणि उष्णता जास्त, तिथं ते जमतात आणि घट्ट होतात. साधारण चाळीस तासांत त्या इंजिनाच्या मापाचा लेप तयार होतो. जिथं कष्ट जास्त, तिथं लेप जाड. मग झीज जवळजवळ थांबते."

"आणि पहिले चाळीस तास?"

"तोवर झीज होते. तेल शिकत असतं."

"'क' चं काय?"

"'क' पातळ आहे. लेप त्यातही बसतो, असं कंपनीचं म्हणणं. आपल्या चाचणीत पहिल्या तासापासून झीज शून्य होती."

"पहिल्या तासापासून," नदाफ म्हणाला. "म्हणजे शिकायला लागलंच नाही त्याला. जन्मतःच पंडित. आता शेवटचा प्रश्न. तेल बदललं, तर आधीच्या तेलाच्या लेपाचं काय होतं?"

उत्तर मेधाला येत होतं. लेप लोखंडाशी एकजीव होतो, तेल काढलं तरी तो जात नाही. हे तिनं स्वतः एका व्याख्यानात सांगितलं होतं, वर चित्रही दाखवलं होतं.

त्याच क्षणी तिला ती तुलना ज्यावर झाली ते सात नंबरचं इंजिन आठवलं आणि तिचे कान तापले.

नियम असा होता, की प्रत्येक तेलाला कोरं इंजिन द्यायचं. पण दर वेळी नवं इंजिन कुठून आणणार? म्हणून प्रयोगशाळेत पहिल्यापासून एक वहिवाट होती. इंजिन तीनदा द्रावकानं धुतलं की ते कोरं समजायचं, आणि अहवालात 'कोरे' असंच लिहायचं. यात कुणाला काही गैर वाटत नसे, कारण जुनी तेलं धुण्यानं खरंच निघून जात. संस्कारी तेलं आली, पण धुण्याचा नियम कुणी बदलला नाही. आपण घरात जशी एखादी सवय का लागली ते विसरून पाळत राहतो, तसंच होतं ते.

तरी तेवढ्यावर मेधा स्वतःला माफ करू शकली असती. चूक होते माणसाची. पण 'क' ची पाळी आली त्या दिवशी लोहारमामा तिच्या टेबलापाशी आले होते. "म्याडम, तीनदा धुतलं, पर बेअरिंगवरचं निळं काय जाईना," ते म्हणाले होते. ती उठून गेली, झाकण उघडून तिनं ते पाहिलं. फिकट निळी झाक, तव्यावर तेल करपल्यावर येते तशी. ती काय असू शकते हे तिच्याइतकं त्या शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आठ दिवसांनी निकालाचा समारंभ होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. "राहू दे मामा," ती म्हणाली होती, "कोरं लिहा."

निकाल लागला, टाळ्या झाल्या, आणि ते निळं ती विसरून गेली. खरं सांगायचं तर विसरली नव्हती. जिथं हात जाणार नाही अशा फळीवर तिनं ते ठेवून दिलं होतं.

"मला तपासून बघायला वेळ लागेल," ती नदाफला म्हणाली आणि खोलीबाहेर पडली. बाहेरच्या बाकावर ऋतुजा कुबड्या टेकून बसली होती. "काही कळलं का मॅडम?" तिनं विचारलं. "अजून नाही," असं सांगून मेधा पुढे गेली, आणि स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

शुक्रवारी तिनं मंडळापुढे सगळं सांगितलं. 'क' तेलाला स्वतःचा लेपच बसत नाही. आमच्या चाचणीत ते आधीच्या तेलाच्या लेपावर धावलं आणि पहिलं आलं. गावातल्या जुन्या गाड्यांमध्येही ते असंच दुसऱ्याच्या जिवावर चालतंय, म्हणून आजवर तक्रार आली नाही. ऋतुजाचं इंजिन खरोखर कोरं होतं, कारखान्यातून आलेलं. तिथं 'क' ला उसना लेप मिळाला नाही. मुलीची काहीही चूक नाही. 'क' नव्या इंजिनात घालणं आजच थांबवा. आणि धुतलेल्या इंजिनावर निळी झाक असल्याचं मला सांगितलं होतं, मी ती पाहिली होती, तरी 'कोरे' असं मीच लिहायला लावलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ऋतुजा निर्दोष सुटली. दारापाशी तिनं मेधाला थांबवलं.

"मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी बाहेर बाकावरच होते." पोरगी रागावलेली नव्हती, हिशेब जुळत नसल्यासारखी बघत होती. "तीन दिवस मी झोपले नाही. माझीच चूक असणार असं मलापण वाटायला लागलं होतं."

मेधानं "सॉरी बाळ" असं काहीतरी म्हटलं. शब्द तोंडातून निघताच तिला ते इतके हलके वाटले की परत घ्यावेसे वाटले.

नदाफ तिला प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात भेटला. तिनं त्याच्यासमोर बसून सरळ सांगून टाकलं, "'क' ज्या लेपावर धावलं तो तुझा होता, अय्याज. पहिला नंबर तुझ्या तेलाचा होता. चार वर्षं मी तुझं नुकसान केलं. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते."

नदाफचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलं नाही. दोन चहा मागवले, मेधाच्या कपात स्वतः साखर घातली, विभागातल्या जुन्या गमती काढल्या. चार वर्षांनी तो तिच्याशी हसून बोलत होता आणि मेधाला छातीवरचं ओझं जरा उतरल्यासारखं वाटत होतं. मग बोलता बोलता तो थांबला. कप बशीत ठेवला.

"मेधा, माझं तेल चालवलंस तेव्हा सात नंबर कोरं होतं ना?"

"हो, कोरंच होतं," मेधा सवयीनं म्हणाली.

तोच शब्द पुन्हा आपल्या तोंडून निघाल्याचं तिला ऐकू आलं आणि तिनं कप बाजूला सारला.

"दोन मिनिटं वाटलं, विचारूच नये," नदाफ हळूच म्हणाला. "चहा संपेपर्यंत तरी."

ते तसेच उठून चाचणी-मंचावर गेले. लोहारमामा नळ्या गुंडाळत होते.

"मामा," मेधानं विचारलं, "ते बेअरिंगवरचं निळं. ते पहिल्यांदा कधी दिसलं तुम्हाला?"

"निळं व्हय? ते तर 'ब' च्या आधीपासनंच हुतं की," मामा म्हणाले. "'अ' काढलं अन् धुतलं, तवाच दिसलं. म्हटलं जाईल पुढच्या धुण्यात. न्हाई गेलं, म्हणून तुमास्नी सांगितलं. तुम्ही कवापासनं हाय ते इचारलंच न्हाई."

सात नंबरचं बेअरिंग अजून कपाटात होतं. नदाफनं त्याचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. संस्कारी तेलाचा लेप थरांनी वाढतो आणि प्रत्येक तेलाचे रेणू वेगळे, त्यामुळे कुठला थर कुणाचा हे ओळखता येतं. सगळ्यात वर 'क' चा थर असायला हवा होता, पण त्याचा मागमूस नव्हता. त्याखाली 'ब' चा थर होता, पातळ, जेमतेम. आणि त्याच्याखाली, धातूला घट्ट धरून, जिथं दाब जास्त तिथं नेमका जाड होत गेलेला, जवळजवळ सगळा लेप 'अ' चा होता.

"माझं तेलही त्याच्यावर बसून आलं," नदाफ म्हणाला. त्याचा आवाज साधाच होता. "कोऱ्या धातूवर एकट्यानं उभं राहिलं ते फक्त 'अ'. शिकताना झीज झाली ती त्याच्या नावावर गेली. शिकलेलं आम्ही वापरलं."

'अ' तुलनेत शेवटचं आलं होतं. आणि ते सगळ्यात आधी का चालवलं, याचंही उत्तर दोघांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेतली निम्मी माणसं तालमीतून आलेली. कुस्तीच्या मैदानात लहान जोड आधी लावतात, मोठी कुस्ती शेवटी. त्याच चालीनं इथंही जे तेल कमजोर वाटेल ते आधी चालवायचं, नावाजलेलं शेवटी ठेवायचं, अशी पद्धत पडून गेली होती. म्हणजे संस्कारी तेलं आल्यापासून प्रत्येक तुलनेत शेवटी ठेवलेलं तेलच पहिलं येणार होतं. आपल्याला जे आधीच वाटत होतं, तेच आपण यंत्रावर चढवून, आलेख काढून, सही-शिक्क्यानिशी लोकांना परत देत होतो, हे मेधाच्या लक्षात आलं.

आणि 'अ' कमजोर आहे असं कुणी ठरवलं? तिनंच. 'अ' शिरोळकडच्या जयपाल मगदूम नावाच्या माणसानं आणलं होतं. उसाच्या मळीतले रेणू तोडून, पुन्हा जोडून, घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं ते तयार केलं होतं. पदवी नाही, कंपनी नाही. कॅन मांडीवर घेऊन तो तुलनेआधीच्या सभेत बसला होता. मेधानं पन्नास माणसांसमोर विचारलं होतं, "मगदूमसाहेब, हे इंजिनात घालायचं की भाकरीबरोबर खायचं?" सगळे पोट धरून हसले. मगदूमही हसले होते. तिला ते हसू आता इतकं स्पष्ट दिसलं, की तिनं कपाटाच्या दाराला हात टेकला.

रविवारी सकाळी ती एकटीच शिरोळला गेली.

"अरे, मॅडम! आमच्या दारात?" मगदूम धोतराचा सोगा सावरत पुढे आले. साठीचे, काटक, डोक्यावर पांढरी टोपी. "आवं ऐकलं का, प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम आल्याती. ताक आणा." शेडमध्ये आता वैरण भरलेली होती. मेधानं तिकडे पाहिलेलं त्यांच्या लक्षात आलं.

"बंद केलं सगळं. तुमचे उपकार मॅडम, तोंडावर सांगितलंत ते बरं झालं. लोकांच्या गाड्या नासल्या असत्या माझ्यापायी. निकाल लागला अन् दुसऱ्या दिवशी निघालो. जयसिंगपूर ते गडहिंग्लज, बत्तीस गॅरेजं. ज्यांना ज्यांना तेल दिलं हुतं त्यांच्या दारात जाऊन हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं, हे घालू नका. कॅन परत आणले, खड्डा काढून पुरले."

मेधानं ताकाचा पेला खाली ठेवला. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात ते उठले. "थांबा, एक गंमत दावतो." त्यांनी गोठ्याशेजारची ताडपत्री ओढली. खाली जुनी, लाल, दोन माणसांची वेगगाडी होती, हौसेनं पुसलेली. त्यांनी ती सुरू केली. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा होता की मेधाच्या कानानं आपोआप दोष शोधला आणि तिला तो सापडला नाही.

"तुमच्या पहिल्या नंबरचं तेल," मगदूम कौतुकानं म्हणाले. "चार वर्षं झाली. तेल काढून बघतो, धातूचा एक कण घावत न्हाई. तवाच खात्री पटली, मॅडम बोलल्या तेच खरं."

"मगदूमसाहेब," मेधा म्हणाली, "'क' घालायच्या आधी या गाडीत कुठलं तेल होतं?"

"आधी? आधी आमचंच की. भाकरीबरोबर खायचं!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले.

मेधानं त्यांना सगळं सांगितलं. लेप, धुणं, निळी झाक, आधी कोण आणि नंतर कोण. काही गाळलं नाही, स्वतःला कुठं झाकलं नाही. सांगताना इंजिन चालूच होतं. मगदूमांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"म्हणजे हे," शेवटी ते म्हणाले, "हे आपलंच चाललंय?"

"तुमचंच."

ते बाजेवर बसले. ते ओरडतील, घराबाहेर काढतील अशी मेधाची तयारी होती. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "मग मी बत्तीस ठिकाणी हात जोडून आलो, त्याचं काय करायचं? लोकं इचारतील, तवा खोटं बोलला हुतास का आता?"

"तुम्ही काही बोलायचं नाही. मी बोलते. तुम्ही फक्त दारं दाखवा."

"हसतील तुमाला."

"हसू देत."

ते आत जाऊन शर्ट बदलून आले.

जयसिंगपूरच्या पहिल्या गॅरेजसमोर लाल गाडी थांबली, तसा मालक हात पुसत बाहेर आला. त्यानं मेधाला लगेच ओळखलं. वर्तमानपत्रातला तिचा फोटो त्याच्या भिंतीवर चिकटवलेला होता, खाली 'क' चे डबे रचलेले होते. "बाई, आपण स्वतः!" म्हणत त्यानं आतून खुर्ची आणली, गळ्यातल्या फडक्यानं झटकली आणि तिच्यासमोर ठेवली. मगदूमांकडे त्यानं नुसती मान हलवली. ते दाराच्या कडेला, चार वर्षांपूर्वी उभे राहिले असतील तसेच उभे होते.

मेधानं खुर्ची उचलून मगदूमांजवळ नेऊन ठेवली. ते बसेपर्यंत ती थांबली, आणि मग मालकाकडे वळून तिनं हात जोडले.